केंजळेसाहेबांचा राग आधी पोहोचतो

सोनवडीच्या एसटी स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक हणमंतराव केंजळे यांचा राग ते पोहोचायच्या बरोबर सतरा मिनिटं आधी पोहोचत असे. सहाच्या ड्यूटीला तो पाच त्रेचाळीसला केबिनमध्ये येई, खुर्ची ओढून बसे आणि जो पहिला दिसेल त्या चालकाला धारेवर धरे. केंजळे येईपर्यंत सगळ्यांचा पाणउतारा उरकलेला असे. मग ते सही करत आणि राग उठून बाकड्यावर जाऊन बसे. दिसायला तो त्यांच्यासारखाच होता. तोच पांढरा शर्ट, तीच काळी पँट, मिशाही त्याच, फक्त चेहरा कायम आवळलेला.

स्टँडवर कुणाला याचं नवल नव्हतं. चहावाला तर राग दिसला की आधण ठेवी, म्हणजे साहेबांना चहा वेळेवर मिळे. केंजळ्यांना स्वतःला मात्र ही गोष्ट मनातून खुपत असे. उशिरा सुटलेल्या गाडीला ते एखाद वेळी माफ करत, पण वेळेआधी सुटलेल्या गाडीला बत्तीस वर्षांत त्यांनी कधी माफ केलं नव्हतं. तिच्यामुळे माणूस मागे राहतो, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांच्या घरातूनच रोज एकजण वेळेआधी सुटत होता.

त्याची मोठी किंमत त्यांनी मोजली होती. चार वर्षांपूर्वी एकुलत्या मुलीच्या, वृषालीच्या साखरपुड्याला राग असाच पुढे गेला. केंजळे पेढे घेऊन कार्यालयात पोहोचले तेव्हा मुलाकडची मंडळी परत जीपमध्ये बसत होती. लग्न मग सांगलीत झालं, यांना न कळवता. बायको त्याआधीच वारलेली, त्यामुळे मध्ये पडायला कुणी नव्हतं. नातू झाल्याचंही त्यांना सांगलीच्या एका कंडक्टरकडून कळलं. त्या दिवशी ते केबिनचं दार लावून रडले होते. आणि आता अचानक मुलीचा फोन आला.

"एकवीस तारखेला बाळाचा पहिला वाढदिवस आहे. अकरा वाजता या," वृषाली म्हणाली. "पण अण्णा, तुम्ही आधी आलात तरच घरात घेईन. तो आधी आला तर दार उघडणार नाही."

केंजळे म्हणाले, मी आधी येईन. फोन ठेवून त्यांनी कॅलेंडर पाहिलं. बहात्तर दिवस होते. त्यांनी कंबर कसली.

पहिल्यांदा त्यांनी रागाला खोलीत कोंडायचं ठरवलं, पण कुलूप आणेपर्यंत तो सतरा मिनिटांपूर्वीच गेलेला असे. ते लवकर निघाले तर तोही लवकर निघे. शेवटी ते ग्रामीण रुग्णालयात गेले. तिथे मंगळवारी मनाच्या आजारांच्या डॉक्टर मुजावर बसत. त्यांनी सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि राग घरून खाऊन निघतो की उपाशी, एवढंच विचारलं. उपाशी, केंजळे म्हणाले. तरी वाटलंच, असं म्हणून डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढला.

आत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, त्या म्हणाल्या. धोका वाटला की घंटा वाजवायची, हे त्याचं काम. विचार करणारा भाग कपाळामागे असतो आणि त्याला खबर जरा उशिरा लागते. तेवढ्यात राग निघालेला असतो. सगळ्यांचं असंच असतं, फक्त बहुतेकांमध्ये हा फरक पापणी लवायच्या आत संपतो. तुमचा सतरा मिनिटांचा आहे, म्हणजे थोडा जास्त आहे. केंजळ्यांनी विचारलं, या बदामाची बदली करता येईल का? डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. तो नेमून दिलेलं काम चोख करतो, त्याच्याविरुद्ध तक्रार घेता येत नाही.

"रागाच्या मागे धावू नका, धावलात की तो आणखी पळतो," डॉक्टर म्हणाल्या. "तो निघतोय हे तुम्हाला तेव्हाच्या तेव्हा कळलं पाहिजे. रोज वीस मिनिटं बसा आणि श्वासाकडे लक्ष द्या. मन भटकलं की भटकलं म्हणा आणि परत आणा. पण ओरडायचं नाही."

न ओरडता कुणालातरी परत आणायचं ही कल्पनाच केंजळ्यांना नवी होती. पण शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाटावर बसले तेव्हा राग शेजारी सतरा मिनिटांपासून बसलेला होता. तीन मिनिटांनी त्याची वेळ भरली आणि तो दार आपटून स्टँडवर निघून गेला. केंजळे बसून राहिले. शेजारी वही ठेवून त्यांनी सवयीप्रमाणे नोंदी केल्या. मन सुटलं चार चौपन्न, मार्ग सांगली, परत त्याच मिनिटाला. पहिल्या दिवशी अशा एकेचाळीस फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला त्यांनी मनाला शिवी हासडली. आठवडाभराने शिव्या थांबल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की राग निघायच्या आधी आपला जबडा आवळतो आणि कान तापतात. तेवढं कळल्याबरोबर फरक बारा मिनिटांवर आला. पुढच्या महिन्यात तो सहावर आला आणि चहा उकळायला वेळ मिळत नाही अशी चहावाल्याची तक्रार सुरू झाली. वीस तारखेला फरक दोन मिनिटांचा होता. पण दोन मिनिटांनीही दार बंदच राहणार होतं.

एकवीसला दोघे एकाच गाडीने निघाले. राग आधी चढला आणि पुढच्या सीटवर बसला. वाटेत चालकाने थांबा नसताना एका धाब्यावर गाडी उभी केली आणि निवांत भजी मागवली. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या नियंत्रकाच्या डोळ्यांदेखत हे घडलं. केंजळ्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि राग उतरून वडापच्या जीपमध्ये बसून पुढे गेला.

अकराला दहा मिनिटं असताना केंजळे मुलीच्या गल्लीत शिरले. वडापची जीप जागोजाग प्रवासी भरत आली होती, त्यामुळे राग चाळीसच पावलं पुढे होता. त्याचा हात फाटकावर पडत होता.

पाय धावायला निघाले होते. केंजळ्यांनी ते धावू दिले नाहीत. ते भर उन्हात गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी श्वास आत घेतला, बाहेर सोडला. जबडा आवळलाय, ते मनात म्हणाले. कान तापलेत. त्याच्याखाली छातीत धडधड होती आणि ती रागाची नव्हती. मुलगी दार उघडणार नाही याची त्यांना फार भीती वाटत होती. आपण मागे राहू, एवढी वर्षं घंटा याच भीतीची वाजत होती. भीती वाटतेय, असं ते स्वतःशी स्पष्ट म्हणाले आणि आणखी एक श्वास घेतला.

फाटकापाशी राग थबकला. आपल्याला कशासाठी पाठवलंय ते विसरल्यासारखा तो थोडा वेळ उभा राहिला आणि शेजारच्या कट्ट्यावर जाऊन बसला. केंजळे त्याच्यासमोरून चालत गेले आणि त्यांनी बेल वाजवली.

बाळाला कडेवर घेऊन वृषालीने दार उघडलं.

"कोण हवंय आपल्याला?" तिने विचारलं.

केंजळ्यांना स्वतःचं नाव सांगवेना. सोनवडीहून आलोय, एवढंच ते कसंबसं म्हणाले.

"मग या ना, बसा. माझे वडीलही तिकडूनच यायचेत," ती म्हणाली आणि तिने पाणी आणून दिलं.

ते खुर्चीत बसले. त्यांना वाईट वाटलं, पण तिची चूक दिसेना. घरी राग आला की ती मान खाली घाली आणि ते येऊन बसले तरी वर बघत नसे. त्यांचा न आवळलेला चेहरा तिने पाहिलाच कधी होता?

दोन मिनिटांनी दारात राग उभा राहिला. त्याला वृषालीने लगेच ओळखलं. तिने बाळाला घट्ट धरलं आणि दार लावायला हात पुढे केला. मग तो हात तसाच राहिला आणि ती सावकाश खुर्चीकडे वळली.

"अण्णा?"

"हो," केंजळे म्हणाले.

तिने रागाला चपला बाहेर काढायला सांगितल्या आणि व्हरांड्यातली खुर्ची दाखवली. मग बाळ अण्णांच्या मांडीवर ठेवलं, समोर बसली आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघू लागली.