हौसामावशींची गाडी

आमच्या संभाजीनगरात एखादी गाडी बिनब्रेकची चार दिवस चालेल, बिनहॉर्नची गल्लीच्या तोंडापर्यंत जायची नाही. अशा गावात हौसामावशी हॉर्न न वाजवता गाडी चालवतात. हॉर्न बिघडलेला नाही, चांगला खणखणीत आहे. शिकत असताना एकदा चुकून तळहात पडला आणि तो वाजला, तेव्हा मावशींनी गाडी थांबवून पुढे चाललेल्या सायकलवाल्याला हाक मारली आणि सांगितलं, की बाबा, तुला नव्हतं म्हटलं.

वाटेत कुणी आडवं आलं की त्या गाडी थांबवतात, काच खाली करतात, डोकं बाहेर काढतात आणि विचारतात, "दादा, जाऊ का?"

त्यात टोमणा नसतो. त्या खरंच विचारतात. आणि दादा सरकतो. जालना रोडवर, सिग्नल सुटल्यावरही चौकात रिक्षा आडवी लावून सवाऱ्या गोळा करणारा एक रिक्षावाला मी स्वतः पाहिला आहे. मागे गाड्यांची रांग कोकलत होती आणि तो शांतपणे गुटख्याची पुडी फोडत होता. मावशींनी काच खाली करून विचारलं. तो इतका गोंधळला, की म्हणाला, "अम्मा, हॉर्न बिगड गया क्या?"

"नाय बाबा, चांगला हाय," मावशी म्हणाल्या. "पण तुझ्यावर कशाला वरडू?"

त्याने रिक्षा तर बाजूला घेतलीच, वर खाली उतरून दोन मोटारसायकली अडवल्या आणि मावशींना वाट करून दिली.

मावशींचं माहेर सोयगावकडचं. लहानपण सगळं बापाच्या मेंढरांमागे गेलं. त्यांचं म्हणणं असं, की मागून ओरडलं तर मेंढरं पुढे सरकत नाहीत, फुटतात; मग दिवसभर गोळा करत बसा. जालना रोडवरची माणसं काही निराळी नाहीत, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

गारखेड्यात त्या आमच्या समोरच राहतात. त्यांचे यजमान भिकनकाका वाळूजच्या एका कारखान्यात तरुणपणी लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. उभी नोकरी शिफ्टच्या बसने ये-जा केली. माणूस भलता बोलका. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा धरण्यासाठी लोक रुमाल टाकत, असं ऐकलंय. आम्ही कॉलनीतले लोकही त्यांच्या तावडीत सापडायचो. दूध आणायला म्हणून निघालेला माणूस कोपऱ्यावर काकांना भेटला, तर घरी चहा दूध येण्याची वाट बघत थंड व्हायचा.

निवृत्तीनंतर काकांनी गाडी घेतली. निळी, नवीकोरी, मागचं दाखवणारा कॅमेरा असलेली, किल्ली न फिरवता बटणावर चालू होणारी. जन्मभर दुसऱ्याच्या गाडीत बसलो, आता कुणाला तरी आपल्या गाडीत बसवायचं, असं म्हणायचे. पण एक हिवाळा सरला नाही तोच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. तोंड थोडं वाकडं झालं, बोलणं जड झालं. व्यायामाने पाय पुढे काठीवर चालण्याइतका आला, पण काका उंबऱ्याबाहेर येईनात. कोपऱ्यावर तासन्‌तास उभा राहणारा हा माणूस आता फाटकाची कडी वाजली तरी आतल्या खोलीत जाऊन बसायचा.

गाडी कव्हरखाली गेली. पुण्याचा मुलगा म्हणाला, विकून टाकू, उभी राहून खराब होईल. त्याने गिऱ्हाईकसुद्धा आणलं. मावशींनी गिऱ्हाइकाला पोहे दिले, चहा दिला, आणि शेवटी सांगितलं, की गाडी विकायची नाही, त्या स्वतः शिकणार आहेत. तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या आणि आयुष्यात साधी सायकलही चालवलेली नव्हती.

ड्रायव्हिंग स्कूलचा शिकवणारा मुलगा पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवसापासून घाबरला. त्याच्या गाडीत त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता. मावशी गाडी पुढे नेण्याआधी खाली वाकून त्याचा पाय कुठे आहे ते बघत. तो ब्रेकवर असला, की गाडी जागची हलवत नसत. "तुमचा पाय तिथं असला की माझा पाय शिकत नाय," असं त्यांनी त्याला स्वच्छ सांगितलं. त्याने बिचाऱ्याने मांडी घालून शिकवलं म्हणतात. परीक्षेच्या दिवशी मावशींनी आठ आकड्याच्या रस्त्यावरून गाडी इतक्या सावकाश फिरवली, की साहेबांनी दरम्यान दुसऱ्या दोघांचे कागद बघून घेतले. पण आठ अगदी गोल काढला आणि पास झाल्या.

लायसन आलं, आणि कॉलनीला त्यांच्या गाडीचे नियम पाठ करावे लागले.

पहिला नियम पट्ट्याचा. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा, नाहीतर गाडी निघत नाही. इथपर्यंत ठीक. पण शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली, की गाडीला वाटतं माणूस बसलाय आणि ती टिंगटिंग करायला लागते. दुसरा कुणी पिशवी उचलून खाली ठेवेल. मावशी पिशवीला पट्टा लावतात. शहागंजातून येताना दुधी भोपळा आणि मेथीची जुडी पट्टा लावून ऐटीत बसलेली आम्ही कितीदा पाहिली आहे. माझ्या बायकोने एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ती गाडी सांगते ते आपल्या भल्याचंच सांगत असेल, तिला खोटं कशाला पाडायचं?

वळताना दिवा लावतात, आणि वर हातही दाखवतात. आपला दिवा पुढच्याला दिसला का नाही हे आपल्याला कळत नाही, हात मात्र दिसतोच, हे त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण.

सगळ्यात मोठा पेच कुलपाचा. त्या गाडीची किल्ली नुसती जवळ असली तरी दाराला हात लावताच दार उघडतं. मावशींची किल्ली कमरेच्या पिशवीत. गाडी बंद करून घरात गेल्या, की त्यांच्या मनात शंका येते, कुलूप लागलं का? बघायला येतात, दार ओढतात, ते उघडतं. म्हणजे लागलं नव्हतं? पुन्हा लावतात, घरात जातात, पुन्हा येतात, पुन्हा उघडतं. पहिल्या दिवशी हे किती वेळ चाललं देव जाणे. शेवटी मला हाक आली. "सर, ही जवळ गेलं की उघडती. मग आधी लागली व्हती का नव्हती, हे कळायचं कसं?"

प्रश्न बिनतोड होता. त्यावर उपाय असा निघाला, की रोज संध्याकाळी मी त्यांची किल्ली घेऊन आमच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं आणि मावशींनी दार ओढून बघायचं. दार उघडलं नाही, की त्या लांबून मान हलवतात. मग मी किल्ली परत देतो. माझ्याकडे येणारे पाहुणे हा प्रकार बघून काहीतरी पूजेचा भाग असावा असं समजून गप्प राहतात.

सर्व्हिसिंगला गाडी दिली, की लोक थंड हवेच्या खोलीत टीव्ही बघत बसतात. मावशी आत बसत नाहीत. त्या एक खुर्ची मागून घेतात आणि जिथे गाडी वर उचलली असेल तिथे, समोर, डबा मांडीवर घेऊन बसतात. मेकॅनिक पोरांनी सुरुवातीला त्यांना बाहेर काढून बघितलं. पण दवाखान्यात आपलं माणूस असलं की आपण त्याच्या उशाशी बसतो, त्यात काय एवढं, असं त्यांचं मत. पोरं त्यांना आता स्वतःहून बोलावून दाखवतात, की आजी, हे बघा जुनं फिल्टर.

हे सगळं आम्ही कौतुकाने बघायचो आणि हसायचो. बाईला म्हातारपणी गाडीचं वेड लागलं, असंच कॉलनीचं मत होतं. माझंही होतं.

मग एका शनिवारी माझी स्कूटर गॅरेजात होती आणि मला वाळूजला साडूकडे जायचं होतं. मावशींना कळलं, तेव्हा त्या म्हणाल्या, की आम्ही तिकडंच चाललोय, चला. "आम्ही" म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. दुपारी गेलो, तर गाडी उलटी घेऊन थेट ओट्याच्या पायरीला लावलेली, इतकी जवळ, की दार उघडल्यावर घर आणि सीट यांच्यात एक पाऊल उरत होतं. पुढच्या सीटवर भिकनकाका बसलेले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मी नमस्कार केला. त्यांनी डावा हात थोडा वर केला आणि पुढे बघायला लागले.

वाटेत मात्र काका बोलले. नगर नाक्याच्या पुढे जड जिभेने म्हणाले, "हळू. पुढं खड्डा हाय." मावशींनी वेग कमी केला. खड्डा कधीच बुजवलेला होता, रस्ता सरळसोट होता. पण मावशी अगदी तो असल्यासारखी गाडी काढून गेल्या.

कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या अलीकडे, एका कडुनिंबाखाली त्यांनी गाडी उभी केली. थोडं मागे, आमच्याच बाजूला, चहाची टपरी होती. मावशींनी बटण दाबून डावीकडचा आरसा काकांच्या बाजूला वळवला. मला म्हणाल्या, इथं जरासं थांबू, मग तुम्हाला सोडते. काका काच वर करून फाटकाकडे बघत बसले. पाळी सुटायची वेळ होती.

मावशी चाकं बघते म्हणून उतरल्या, मीही उतरलो. गाडीच्या मागे उभं राहून त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की ते दोघं दर शनिवारी इथं येतात. घरात काका दिवसदिवस बोलत नाहीत. कुणी भेटायला आलं तर भिंतीकडे तोंड करतात. लोकांनी आपल्याला फरफटत चालताना बघू नये, एवढंच त्यांच्या मनात असतं. गाडीत बसून जाऊ म्हटलं, तेव्हा तयार झाले.

"गाडीत बसलेल्या माणसाचं चालणं कुणाला दिसत नाय, सर," मावशी म्हणाल्या. "म्हणून शिकले."

मी विचारलं, की मग इथं उतरा, असं त्यांना म्हणत का नाही? त्यांनी मान हलवली. "म्हटलं तर पुढच्या शनिवारी यायचेच नायत."

तेवढ्यात भोंगा झाला. फाटकातून मोटारसायकलींचा लोंढा सुटला, बसगाड्या हलल्या. टपरीवर माणसं जमायला लागली. त्यांत पांढऱ्या दाढीचे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक गृहस्थ होते. मावशी पुटपुटल्या, की हे रहीमभाई, बसमध्ये वर्षानुवर्षं यांच्या शेजारी बसायचे. आता निवृत्त झालेत, पण चहाला इथंच येतात. रहीमभाईंची आमच्याकडे पाठ होती. काकांना ते आरशात दिसत असणार, कारण काका आता फाटकाकडे बघत नव्हते.

बराच वेळ काही झालं नाही. मग पुढचं दार उघडलं.

काका डाव्या हाताने पट्टा सोडवायला धडपडत होते. मी मदतीला पुढे झालो, तशी मावशींनी माझी बाही धरली. पट्टा सुटला. आधी काठी बाहेर आली, मग पाय, मग काका. आमच्याकडे न बघता ते टपरीच्या दिशेने निघाले.

मावशी भराभर गाडीच्या पुढे गेल्या. त्यांनी बॉनेट उघडून वर टेकवलं आणि त्याच्या आड वाकल्या. मीही पुढे गेलो. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "ऑईल बघते." एवढं चालून तापलेल्या इंजिनाचं ऑईल असं रस्त्याच्या कडेला कुणी बघत नाही, ते सकाळी गाडी थंड असताना बघतात. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी ऑईल मोजायची पट्टी ओढून काढली, पदराच्या टोकाने पुसली, परत आत घातली.

"कुठवर गेले?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मी बॉनेटच्या कडेने बघितलं. "टपरी जवळ आलीय."

"कुणी धावलं का उचलायला?"

"नाही."

"बरं झालं."

रहीमभाईंनी मागे वळून बघितलं होतं. मला वाटलं, आता उठतील, मिठी मारतील, डोळे पुसतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. ते बाकड्यावर नुसते थोडे सरकले आणि शेजारची जागा हाताने झटकली. काका बसले. टपरीवाल्याने एक ग्लास पुढे केला. रहीमभाईंनी तो घेऊन काकांच्या डाव्या हातात दिला आणि आपलं आधीचंच काहीतरी बोलणं पुढे चालू ठेवलं. थोड्या वेळाने काकांनी अडखळत त्यात काहीतरी भर घातली. बाकड्यावरची सगळी माणसं हसली. काकाही हसले, वाकड्या तोंडाने.

मी जसं दिसत होतं तसं मावशींना सांगत गेलो. त्यांनी एकदाही डोकं वर काढलं नाही. ती पट्टी त्या काढत होत्या, पुसत होत्या, परत घालत होत्या. पदराच्या टोकाला काळा डाग पसरला होता.

"ऑईल बरोबर आहे का?" मी विचारलं.

"तुम्हीच बघा, सर," मावशी म्हणाल्या. "मला दिसंना झालंय."

मी त्यांच्या हातातून पट्टी घेतली. दोन खुणांच्या मधे ऑईल व्यवस्थित चमकत होतं. बरोबर आहे, असं मी सांगितलं आणि बॉनेट खाली घ्यायला हात वर केला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "जरा वेळ उघडंच राहू द्या."