पोळ्याच्या दिवशी सायलेंसर

बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर अर्ध्यापर्यंत चढल्यावर विक्कीच्या गाडीच्या सायलेंसरमधून भसाभसा पिवळट धूर निघाला आणि विक्कीच्या तोंडचं पाणी पळालं. कालपर्यंत ठणठणीत असलेली गाडी! आणि धूर निघाला तोही नेमका श्यामरावमामांच्या डोळ्यांदेखत.

गाडी म्हणजे चार जाड चाकांची फटफटी. कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टमधून विक्कीने ती आंधळगावात आणली आणि तिचं रूपच पालटलं. मागे लोखंडी ट्रे जोडला, चिखलात बुडू नये म्हणून सायलेंसर वर वळवला, कुणाची पोटरी भाजू नये म्हणून त्यावर पत्र्याचं झाकण ठोकलं. यंदा रोवणीला, म्हणजे भातलावणीला, धानाच्या रोपांच्या पेंढ्या तिनेच वाहिल्या. तरी त्याचे वडील यादोराव तिला गाडी म्हणायला तयार नव्हते. उन्हाळ्यात म्हातारा बैल गेल्यापासून त्यांचा जीव रिकाम्या गोठ्यात अडकला होता.

"पोळ्याले दारात बैल नाही अन् हे डबडं उभं!" असं म्हणून त्यांनी मेहुण्याला, श्यामरावांना, बोलावणं धाडलं. बैलजोडी आण आणि मोबदल्यात डबडं ने. विक्कीने वडिलांचे पाय धरले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "भरल्या ट्रेसकट पाळ चढली तं राहू दे. नाही चढली तं जाऊ दे."

आणि आता खाली उभ्या यादोरावांसमोर ती अर्ध्यातच धुमसत होती. विक्कीने घाबरून ती खाली घेतली.

"एवढी काहून तपून राहिली रे?" आणलेल्या जोडीशेजारी उभ्या मामांनी दुरूनच विचारलं.

"पेट्रोल कमी अन् हवा जास्त जाऊन राहिली असन, मामाजी." विक्कीने प्लग काढला. छान विटकरी रंगाचा, जसा हवा तसा. मग सायलेंसरच्या सांध्याला साबणाचं पाणी लावून इंजिन चालू केलं. एक बुडबुडा येईल तर शपथ! सगळं ठीक होतं, फक्त धूर वाढला होता.

तेवढ्यात विक्कीची आई, कुंताबाई, पूजेचं ताट घेऊन आली आणि जागीच थबकली. "अवो, तूप कोन कढवून राहिलं इथं?"

विक्कीने हुंगलं. खरंच, सायलेंसरमधून साजूक तुपाचा वास येत होता! तो हादरलाच.

"मामाजी, पेट्रोलात तूप मिसळते काय कोनी?"

"येडा झाला काय? तूप पेट्रोलपेक्षा महाग हाय!"

विक्कीने पत्र्याचे स्क्रू काढले. आत सायलेंसरभोवती पळसाची जळकी पानं, हळद आणि तुपात भिजलेलं फडकं गच्च गुंडाळलेलं. तिथून हवा तर सोडा, मुंगीही शिरली नसती.

कुंताबाईने फडक्याचा न जळलेला कोपरा उचलला. तिचे डोळे विस्फारले. "हे तं तुमचं धोतर!"

सगळ्यांनी यादोरावांकडे पाहिलं. यादोराव बोडीकडे पाहत होते.

"काल खांदशेकणी होती," शेवटी ते पुटपुटले.

"हळद-तुपानं खांदे शेकाचे ते बैलाचे, बाबा!"

"मंग? रोवणीभर ओझं कोनं वाहलं? आज गाडी इकाचीच होती, पन काल तिचा हक होता. आता हिचा खांदा कोठं हाय, मले काय मालूम? जे जास्त तपते, तेच दुखत असन म्हनलं. गरम धरून राहाले पाहिजे, म्हनून बांधलं."

ज्या माणसाने आजवर तिला हात लावला नाही, त्याने अंधार पडताना गोठ्यात बसून तिला शेकलं होतं. विक्कीला हसू आलं.

"म्हनजे आवतनबी देलं तुमी?" कुंताबाईने विचारलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या?"

"देलं ना. जसं बैलाले देतो, तसंच."

श्यामराव पोट धरून हसले. "मंग झालं भाऊजी! जेवाले बोलावलेल्याले कोनी इकते काय?" त्यांनी आपल्या जोडीचा कासरा हातात घेतला आणि ते आपल्या गावाकडे वळले.

फडकं निघाल्यावर गाडी भरल्या ट्रेसकट पाळ सरसर चढली. वर कुंताबाईने तिच्या चाकांवर पाणी घातलं, हॅण्डलला कुंकू लावलं आणि पुरणपोळी समोर धरली.

यादोराव हळूच विक्कीजवळ सरकले.

"पुढच्या पोळ्याले तूप कोठं लावाचं," ते कानात म्हणाले, "ते आत्ताच दाखवून ठेव."