बोकिलोचा अर्थ

"बोकिलो, चहा आण गं," टोबियास ओयुगाने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, आणि समोर बसलेल्या जोस्पिनने तोंडाकडे नेलेला तळलेला गोड मंदाझी परत बशीत ठेवला.

जोस्पिन मूळचा कांगोतल्या किन्शासाचा. किसुमूत तो मासळीच्या बर्फ कारखान्यात नोकरीला होता. शनिवारी त्याचं लग्न होतं, टोबियासच्या घरात वाढलेल्या अमोंडीशी. अमोंडी ही टोबियासच्या मेहुणीची मुलगी. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून टोबियास आणि त्याची बायको सायप्रोस हेच तिचे आईबाप.

"काका," जोस्पिन जरा चाचरत म्हणाला, "तुम्ही काकूंना सासूबाई का म्हणता?"

"सासूबाई कोण म्हणालं? मी बोकिलो म्हणालो. तुमच्याच लिंगाला भाषेतला शब्द आहे, तुला माहीत नाही? बोकिलो म्हणजे प्राणसखी."

"बोकिलो म्हणजे सोयरं, काका. सासू, सासरा, मेहुणी, मेहुणा. प्राणसखी सोडून बाकी सगळे."

टोबियासच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

याला कारण होतं. टोबियासचं रंग आणि खिळ्यांचं दुकान होतं, पण गावात त्याची ओळख त्या दुकानाने नव्हती. दर बुधवारी संध्याकाळी तो गावच्या रेडिओवर आपली आवडती गाणी लावायचा आणि त्यांच्याविषयी मनाला येईल ते बोलायचा. अमका गायक आवाजापेक्षा टोपीवर जास्त मेहनत घेतो, तमकी गायिका रडते छान पण गाताना उगीच मध्ये थांबते, अशी त्याची मतं. लोक भजनाला बसावं तसे रेडिओपुढे बसत. त्यातही कांगोच्या गाण्यांवर त्याचा विशेष जीव. लिंगाला भाषेचं त्याला एक अक्षर येत नव्हतं, पण अर्थ सांगताना तो कधी अडला नाही. गिटार रडवं वाजलं की विरह, ढोल वाढला की मिलन.

पापा झुबेचं बोकिलोचं गाणं हे तर त्याचं काळीज. "बोकिलो, झोंगा" अशी त्याची सुरुवात. टोबियासने सांगितलेला अर्थ असा: प्राणसखे, परत ये, आपल्या घरी परत ये. पुढे मासे येतात, ते प्रेयसीच्या अश्रूंच्या तळ्यातले. किसुमूने हा अर्थ उरी धरला. बोकिलो नावाचं केशकर्तनालय निघालं, तळ्यात बोकिलो नावाची होडी फिरू लागली, आणि निवृत्त हेडमास्तर ओटोलो यांनी आपल्या स्वर्गवासी पत्नीच्या थडग्यावर मोठ्या अक्षरांत 'माझी बोकिलो' असं कोरून घेतलं.

"आणि झोंगा?" टोबियासने हळूच विचारलं.

"परत जा. सासूबाई, आपल्या घरी परत जा. पुढच्या कडव्यात तो म्हणतो, तुम्ही आल्यापासून घरात मासा उरला नाही. त्याच्या पुढच्यात, पंख्याचं तोंडही तुम्ही आपल्याच खाटेकडे करून घेतलंत." जोस्पिन थांबला. "का विचारताय, काका?"

"कारण," टोबियास म्हणाला, "अमोंडीने तुला सांगायचं नाही असं ठरवलंय. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना हेच गाणं वाजणार आहे. केकवर 'बोकिलो' लिहायला सांगितलंय. तिच्या मैत्रिणी नेसणार त्या कितेंगे कापडावर छापून आणलंय."

जोस्पिनने डोकं धरलं. त्याची आई मादाम ओडेट गुरुवारी विमानाने येणार होती आणि महिनाभर नव्या सुनेकडे राहणार होती. या लग्नाला ती दोन वर्षं तयारच नव्हती. परक्या देशातली मुलगी आपल्याला घरात घेणार नाही, अशी तिची धास्ती होती.

"आणि दारातच तीनशे माणसं तिला सांगणार, घरी जा," जोस्पिन म्हणाला. "ती जाईल, काका. मलाही घेऊन जाईल."

टोबियासने आधी सरळ मार्ग धरला. रात्रीच्या जेवणाला तो अमोंडीला म्हणाला, "ते गाणं जरा जुनं झालंय, नाही? दुसरं काहीतरी बघू."

अमोंडीचा घास हातातच राहिला. "तुम्हीच रेडिओवर म्हणाला होतात, या गाण्याशिवाय लग्न म्हणजे मीठ न लावता तळलेला मासा."

"मी पुष्कळ काही म्हणतो."

"आणि मला इतकी वर्षं बोकिलो म्हणताय," सायप्रोस मक्याच्या उगालीचं पातेलं आपटत म्हणाली, "तेही आता जुनं झालं का?"

टोबियास अर्ध्या ताटावरून उठला आणि दुकानाचा हिशेब बघायला गेला.

बुधवारी रेडिओवर त्याने नवी युक्ती काढली. गाणंच बदनाम करायचं. चाल उसनी आहे, गिटार बेसूर आहे, पापा झुबे नाकात गातो, असं तो तोंडाला येईल ते बोलत सुटला. फोन खणाणले. एक बाई म्हणाली, "याच गाण्यावर माझा नवरा त्या दुसरीला सोडून माझ्याकडे परत आला. आता त्याला कुठे नेऊन सोडू?" होडीवाल्याने विचारलं, नाव पुसायचं तर रंग दुकानातून फुकट मिळेल का. एकाने काळजीच्या सुरात विचारलं, "टोबियासला मलेरिया झालाय का? कोणीतरी जाऊन बघा."

शेवटी गुरुवारी तो बँडवाल्या ओगाडाकडे गेला. ओगाडाला मात्र त्याने सगळं सांगितलं.

"मला तरी कुठे ती भाषा येते?" ओगाडा गिटारच्या तारा पिळत म्हणाला. "मी तुमच्या कार्यक्रमातून पाठ केलंय. एके ठिकाणी तुम्ही मध्येच खोकला होतात, ते पण मी गातो."

जोस्पिनने तोड काढून दिली होती. झोंगाच्या जागी याका म्हणायचं, म्हणजे 'ये'. सासूबाई, या, आमच्या घरी या. मासे आणि पंखा गाळायचे. ओगाडाने ते घोकलं, त्याच्या पोरांनी घोकलं, आणि टोबियास कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

शनिवारी तळ्याकाठचा हॉल भरून गेला होता. पुढे नवरानवरी, मागे टोबियासच्या हातात हात घालून मादाम ओडेट: सोनेरी कापड, त्याच कापडाचा उंच फेटा, आणि दोन माणसांच्या वाटेचा देह. ती आत शिरली आणि ओगाडाने सूर लावला, "बोकिलो, याका..."

मादाम ओडेट जागच्या जागी थांबली. डोळे भरले. तिने टोबियासचा हात असा दाबला की अंगठी बोटात रुतली. टोबियासने देवाचे आभार मानले.

ते जरा लवकर झाले. गाणं कानावर पडताच सगळा हॉल उठून उभा राहिला. शब्द त्यांचे पाठ होते, ओगाडा काय पुटपुटतोय इकडे कोणाचं लक्ष नव्हतं. "बोकिलो, झोंगा!" तीनशे गळ्यांनी आभाळ दणाणून सोडलं. शिवाय झोंगा म्हणताना दोन्ही हात दाराकडे करायचे, कारण प्रेयसी दारातूनच यायची, हेही टोबियासनेच शिकवलेलं. दारात मादाम ओडेट उभी होती. तीनशे माणसं हसतमुखाने दाराकडे हात करून तिला सांगत होती की सासूबाई, आपल्या घरी चालत्या व्हा. गाळलेले मासेही सगळे परत आले.

जोस्पिनने डोळे मिटले. मादाम ओडेटने टोबियासचा हात सोडला, सावकाश चालत जाऊन ओगाडाच्या हातातून माईक घेतला, आणि गाणं बंद पडलं.

"तुम्हाला आमची रीत कोणी सांगितली?" तिने मोडक्यातोडक्या स्वाहिलीत विचारलं, आणि ती हसायला लागली. "माझ्या माहेरी लग्नात हे गाणं म्हणून सासूला चिडवतात, जोस्पिनने कधी पाहिलं नसेल. आणि सासूने काय करायचं, माहितीये? खुर्ची ओढायची आणि बसायचं. मासा दिल्याशिवाय उठायचं नाही." तिने खुर्ची ओढली आणि बसली. मग हसत हसत तिने सगळ्या कडव्यांचा अर्थ सांगितला. सासू, मासे, पंखा, काही सोडलं नाही.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. केशकर्तनालयवाली केकवरच्या अक्षरांकडे बघत राहिली. सायप्रोसने नवऱ्याकडे मान वळवली आणि हळूच म्हणाली, "सासूबाई?"

टोबियास घाम पुसत पुढे झाला. तेवढ्यात हेडमास्तर ओटोलो काठी टेकत उठले.

"मादाम," ते म्हणाले, "आपण पाहुण्या आहात, म्हणून आदराने सांगतो. तुमच्या बाजूला भाषा फार बिघडलेली दिसते."

"खरंय," मागून कोणीतरी म्हणालं. "शहरात असंच होतं."

"गुरुजी, त्या बरोबर सांगताहेत," टोबियास म्हणाला. "मलाच लिंगाला येत नाही. चूक माझी आहे."

हेडमास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते लोकांकडे वळले. "बघा, याला म्हणतात संस्कार. विहिणीचा मान राखायला हा माणूस स्वतःला अडाणी म्हणवून घेतोय."

लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की ओगाडाला गाणं परत सुरू करावं लागलं, आणि या वेळी त्याने मुकाट्याने झोंगाच म्हटलं. अमोंडीने सासूच्या ताटात सगळ्यात मोठा तिलापिया मासा वाढला. मादाम ओडेटने तो डोक्यासकट संपवला आणि सुनेला मिठीत घेतलं. सायप्रोस एवढंच म्हणाली, "घरी चला, मग बघते." पण म्हणताना ती नाचत होती.

जेवणं उरकली तशी बँडने लुओ भाषेतली जुनी गाणी काढली. टोबियास विहिणीशेजारी येऊन बसला. आजवर चालवून घेतलेल्या अर्थांचं आता काय करावं, याचा तो विचार करत होता. तोच मादाम ओडेटने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"हे गाणं," ती म्हणाली, "तुमच्या भाषेतलं आहे ना? माझा नवरा गेला तेव्हा एका ट्रकवाल्याने मला ही कॅसेट दिली होती. शब्द कळत नव्हते. पण जोस्पिनला मांडीवर घेऊन मी रोज ऐकायचे. वाटायचं, कोणीतरी सांगतंय, पोरी, रडू नकोस, मी आहे. तसंच काहीतरी आहे ना त्यात?"

ही भाषा टोबियासची मातृभाषा. गाण्यातला शब्दन् शब्द त्याला कळत होता. एका माणसाने शेजाऱ्याचं गाढव उसनं आणलं, ते त्याच्या ढुंगणाला चावलं, आणि आता तो शेजाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय, असं ते गाणं होतं. समोर ओगाडा गाढव दुसऱ्यांदा चावतं त्या कडव्यापर्यंत पोचला होता. मादाम ओडेटचे डोळे पाणावले होते.

"अगदी तसंच आहे," टोबियास म्हणाला. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून त्याने पुढे सांगितलं, "आणि या कडव्यात तर देव स्वतः तिच्या दाराशी येतो."