रालित्साचे गार हात

ज्या गुडघ्याच्या भरवशावर रालित्साची पहिली सभा ठरली होती, तो गुडघा गुरुवारी दुपारीच इस्पितळात दाखल झाला. गुडघा शेजारच्या स्तामेनचा. रालित्साने तीन आठवडे त्यावर हात ठेवून ऊर्जा-उपचार केले होते, आणि आता पाय पिसासारखा हलका झालाय, असं तो पावाच्या दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला होता. त्याच हलक्या पायाने तो आलुबुखाराच्या झाडावर चढला आणि जड अंगाने खाली आला.

"आता टेबलावर झोपवायचं कुणाला?" रालित्साच्या आईने, त्सोन्काने नवऱ्याला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्याचा धुतलेला सदरा काढला.

"मी नाही," अस्पारुख म्हणाला.

"तुमचा खांदा सहा महिने वर जात नाहीये. पोरीनं हात ठेवला की 'ऊब वाटते' म्हणायचं. दोन शब्द!"

"आणि नाही वाटली तर?"

"तर पोरगी जाईल जर्मनीला, परक्या म्हाताऱ्यांची दुखणी काढायला. बघा मग!"

अस्पारुखने सदरा हातात घेतला. एकतीस वर्षं त्याने सरकारी नोकरीत डॅन्यूबकाठच्या त्या गावातले तराजू तपासले होते. सख्ख्या मेव्हण्याच्या चीजच्या दुकानातला तराजू वीस ग्रॅमने खोटा निघाला, तेव्हा त्यालाही सील ठोकलं. मेव्हणा अजून ईस्टरलासुद्धा बोलत नाही. पण रालित्सा एकुलती एक. संसार मोडून मार्चमध्ये सोफियाहून परत आली, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं "मीठ दे" आणि "दार लाव" यापुढे गेलं नव्हतं. तिची समजूत कशी घालायची हे त्याला कळत नव्हतं.

संध्याकाळी सहाला वाचनालयाच्या सभागृहात पंचवीसेक माणसं जमली. ऑगस्टचा उकाडा, आणि पंखा एकच.

"शरीर आणि मन वेगळं नसतं," रालित्सा सांगत होती. "आपण हात ठेवतो, ऊर्जा वाहू देतो, माणूस सैल होतो. डॉक्टरांची औषधं मात्र सोडायची नाहीत. हे त्यांच्या जोडीला."

मग तिने टेबलावर आडव्या झालेल्या वडिलांच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवले.

"बाबा, काय वाटतंय?"

पहिल्या रांगेतून त्सोन्काने नुसत्या ओठांनी दोन्ही शब्द म्हणून दाखवले. अस्पारुखने तोंड उघडलं.

"ऊ..."

पंचवीस माना पुढे झाल्या.

"ऊन... फार आहे आज."

"हातांचं सांगा, बाबा."

त्याच्या कपाळाला घाम फुटला. "गार आहेत," तो शेवटी म्हणाला. "विहिरीच्या पाण्यासारखे गार."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. रालित्सा लाल झाली आणि तिने हात उचलले. तोच अस्पारुखने आपल्या चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं.

"काढू नकोस. गार आहेत म्हटलं मी. नकोत असं नाही म्हटलं."

तिने हात पुन्हा ठेवले. वीस मिनिटं ते तिथून हलले नाहीत. अस्पारुखच्या डोळ्यातलं पाणी ओघळून कानात गेलं. ते पुसायला एक हात वर जात नव्हता, आणि दुसऱ्याने मनगट धरलेलं होतं.

तो उठून बसला तेव्हा शाळेतून निवृत्त झालेल्या वेलिकाबाईंनी विचारलं, "खांदा?"

त्याने हात उचलून दाखवला. "काल इथवर जात होता. आजही इथवरच जातोय."

"मग इतका वेळ पडून काय राहिलात?"

"उठावंसं वाटेना."

वेलिकाबाई उठल्या आणि दाराजवळच्या नावनोंदणीच्या वहीत त्यांनी पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. "सख्ख्या मेव्हण्याला न सोडणारा माणूस आहे हा. उठावंसं वाटेना म्हणतोय, तर नसेलच वाटलं."

त्या संध्याकाळी वहीत अकरा नावं पडली. एका बाईंनी तर बजावलं, "मला गारच हात हवेत. तळपायांची नुसती आग होते."

पुढच्या गुरुवारी अस्पारुख खुर्ची टाकून दाराशी बसला. कुणी सांगितलं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारी, "डॉक्टरांना दाखवलंत?" नाही म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवी.

"बाबा, माझी निम्मी माणसं घालवताय तुम्ही!"

"येतील. दाखवून येतील."

आणि ती खरंच आली. पण गावात डॉक्टर एकच, केर्मेक्चिएव्ह, तेही निवृत्तीला टेकलेले. त्यांच्याकडची रांग जिन्यापर्यंत पोचली. तिसऱ्या गुरुवारी ते स्वतःच वाचनालयात तणतणत आले.

"डॉक्टरांना दाखवलंत?" अस्पारुखने सवयीने विचारलं.

"मीच डॉक्टर आहे!"

"स्वतःला दाखवलेलं चालत नाही."

डॉक्टर त्याला ओलांडून आत घुसले. "अठरा माणसं, बाई! सकाळपासून अठरा! घास पोटात नाही माझ्या! तुमच्या या असल्या खुळापायी मी—"

"आधी बसा तरी," रालित्सा घाबरून म्हणाली. बसायला टेबलच होतं. डॉक्टर धापा टाकत त्याच्या कडेला टेकले. तिने त्यांच्या घामेजल्या मानेवर हात ठेवला. वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

हळूहळू त्यांचे डोळे मिटले.

"डॉक्टर, काय वाटतंय?"

"त्या बाहेरच्या गृहस्थांना सांगा," डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले, "दार ओढून घ्या म्हणावं."