दुसऱ्याच्या हातची रेघ

पाटीवरचं अक्षर बेढब आहे म्हणून तुम्ही कधी एसटी सोडून दिली आहे का? भर उन्हात, खांद्यावर पिशवी असताना, समोर उभी असलेली आणि खिडकीजवळची जागा रिकामी असलेली गाडी?

नसेल, तर भिवातात्या आणि तुमची गाठ पडलेली नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बारामतीच्या स्टँडवर. इंदापूरची गाडी लागली होती. लोक खिडकीतून रुमाल टाकत होते, पोरांना आत ढकलत होते. आणि धोतर, लाल मुंडासं, कानावर पेन्सिल असा एक उंच, वाळका माणूस गाडीपुढं उभा राहून तिच्या पाटीकडं बघत होता. आजारी जनावराची जीभ बघावी, तसा.

"आबा, बसायचं का न्हाय?" कंडक्टर ओरडला. "सोडतोय मी गाडी."

"सोडा की. ह्यातला 'इ' पार उताणा पडलाय. त्याला उठवून बसवा, मग मी बसतो."

"आवं, गाडी चाकावर चालती! 'इ'वर न्हाय चालत!"

"ते तुमाला वाटतंय," म्हातारा म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला.

गाडी गेली. तासाभरानं दुसरी आली. तिची पाटी त्यांना पसंत पडली. ती गाडी वाटेत बंद पडली आणि तात्या अंधार पडता पडता घरी पोचले, हे मला पुढं कधीतरी कळलं. "बंद पडली, पण काय पाटी व्हती, पोरी!" हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप औषधालाही नव्हता.

बारामतीत पिठाच्या एका गिरणीमागं आमचं हातअक्षर मंडळ भरायचं. दर बाजाराच्या दिवशी, दुपारनंतर. मंडळ म्हणजे काय, तर एक खोली, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, रंगाचे डबे आणि गिरणीतून उडून येणारं पीठ. ओल्या रंगावर ते पीठ बसायचं, त्यामुळं आमच्या त्या काळातल्या सगळ्या पाट्यांवरून हात फिरवला तर त्या जरा खरखरीत लागतात. मंडळात हायस्कुलात चित्रकला शिकवणारे मोमीन सर होते. माळेगावच्या ट्रॅक्टरांवर देवांची आणि पोरांची नावं लिहिणारा बंडू पेंटर होता. भिवातात्या इंदापूरकडच्या कळस गावाहून यायचे, म्हणजे गाडीची पाटी बरी असेल तर यायचे. आणि मी होते.

मी तिथं अक्षर शिकायला गेलेच नव्हते. आमच्या घरात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर चादर टाकून पाहुण्यांना बसवायची पद्धत होती. वडील कारखान्यातले कामगार, युनियनचे कार्यकर्ते. मी वाचायला शिकले ते पत्रकांवरच. मजकूर खरा असावा, अक्षराला काय करायचंय, असं माझं ठाम मत होतं. कॉलेजातल्या मुलींच्या वसतिगृहाला पाणी येत नव्हतं, त्यासाठी आम्ही एका कचेरीवर मोर्चा काढणार होतो. कुठल्या, ते राहू द्या. मला पाट्या हव्या होत्या, आणि लगेच हव्या होत्या.

"काय लिवायचं?" तात्यांनी विचारलं.

"धिक्कार असो."

"कुणाचा?"

"साहेबाचा."

त्यांनी फळीवर निळीत भिजवलेली दोरी ताणली, टिचकी मारली. फळीवर निळी रेघ उमटली. मग त्या रेघेखाली एकेक अक्षर टांगायला सुरुवात केली. सावकाश. एवढ्या सावकाश, की साहेब तोवर निवृत्त होईल असं मला वाटायला लागलं.

"तात्या, जरा पटापटा! धिक्कार आहे तो, लग्नपत्रिका नाही."

ब्रश तसाच धरून ते वळले. "पोरी, धिक्कार बी देखणा पायजे. कुरूप धिक्काराला कोण भीतंय?"

हे वाक्य मी त्यानंतर भाषणांमध्ये निदान दहा ठिकाणी वापरलं आहे.

तात्यांच्या वाडवडिलांच्या मेंढ्या होत्या. लहानपणी तेही कळपामागं कोकणाच्या वाटेनं चालले होते. शाळा अशी नाहीच. "माजी शाळा म्हंजे मैलाचा दगूड," असं ते म्हणायचे. कळप दगडापाशी थांबला, की धुळीत काठीनं त्याची नक्कल करायची. पहिला रंग लावला तो मेंढ्यांच्या पाठीवर, खुणेचा गेरू. त्यामुळं अक्षरांविषयी ते जे काही बोलत, ते मेंढरांविषयी बोलल्यासारखंच असे. "अंगाला अंग लागू दे, शिंगाला शिंग नको." "ह्यो 'ळ' गाभण हाय, त्येला जरा जागा द्या." माझं अक्षर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फळी उलटीसुलटी फिरवून बघितली. मग मोमीन सरांना म्हणाले, "लांडगा शिरलाय ह्यात."

पण या माणसाचा सगळ्यात मोठा हट्ट वेगळाच होता. तात्या स्वतःच्या अक्षरांवर शिरोरेघ मारत नसत. कधीच नाही. अक्षरं वाळली, की ब्रश दुसऱ्याच्या हातात द्यायचे. त्या दुसऱ्यानं निळीवरून, दम धरून, एका ओढीत रेघ न्यायची. त्यांच्यामुळं तो मंडळाचाच नियम झाला होता. अक्षर तुझं, रेघ दुसऱ्याची. मोमीन सरांच्या अक्षरावर बंडूची रेघ, बंडूच्या अक्षरावर तात्यांची, आणि तात्यांच्या अक्षरावर, माझं अक्षर लांडग्यानं उधळलेलं असल्यामुळं, बहुतेक वेळा माझी. "तू रेघच मार," ते म्हणाले होते. "रेघंत लांडगा शिरत न्हाय."

असं का, यावर आमच्यात वाद व्हायचे. बंडू म्हणायचा, "म्हाताऱ्याला लांबचं दिसत न्हाय, दुसरं काय!" मोमीन सर म्हणायचे, माणसाला कामाचा गर्व होऊ नये, म्हणून. मी तर या विषयावर एक पत्रकच लिहून काढलं. सामूहिक श्रमाचा आदर्श, मालकीच्या भावनेला दिलेलं उत्तर, वगैरे. तात्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवत सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ब्येस हाय. एवढं मोठं काय करतोय, मला ठावच न्हवतं."

मोर्चाच्या दिवशी या हट्टानं आम्हाला अडचणीत आणलं. पाट्या आल्या, पण अक्षरं उघड्या डोक्याची. बंडू माळेगावात अडकला होता, सर शाळेत होते, मी मुली गोळा करत फिरत होते. तात्यांनी सगळ्या पाट्या तशाच सायकलला बांधून आणल्या होत्या.

"तात्या, रेघा?"

"तुमी एवढ्या जणी हायसा की."

"अहो, मोर्चा निघालाय!"

"मग? मोर्चा काय रेघंवाचून निगतो व्हय?"

शेवटी कचेरीच्या अंगणात, पाट्या जमिनीवर मांडून आम्ही सगळ्या रेघा मारायला बसलो. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. एकेक मुलगी दम धरून ब्रश ओढतेय आणि बाकीच्या जणी तोंडाला पदर किंवा ओढणी लावून बघतायत. ही शांतता साहेबांना सहन झाली नसावी. ते बाहेर आले.

"हे काय? मोर्चा आहे का चित्रकलेची परीक्षा?"

तात्या उठले. अत्यंत आदरानं त्यांनी ब्रश पुढं केला. "सायेब, येवढी एक ऱ्हायलीय. मारता का?"

आता खरं सांगते, माणसाच्या हातात ओला ब्रश दिला आणि समोर निळी रेघ असली, की माणूस विचार करत नाही. साहेब वाकले. जीभ दातांत धरली. आणि 'धिक्कार असो'वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ सुंदर रेघ मारून मोकळे झाले. मग त्यांनी काय लिहिलंय ते वाचलं.

आधी मुली हसल्या. मग शिपाई हसला. शेवटी साहेबही. वसतिगृहाला पाणी आलं. ते माझ्या निवेदनामुळं आलं, असं मी अजूनही भांडून सांगते. बंडू म्हणतो, रेघेमुळं.

ते दिवस गेले. फार लांब नाही, चार-पाच वर्षांतच गेले. आधी बारामतीत रेडियमची अक्षरं आली. मशीन अक्षर कापतं, सोलायचं आणि चिकटवायचं. ट्रॅक्टरवाले तिकडं वळले. बंडूला दोन पोरं होती, त्यानं मशीन घेतलं. त्याला मी दोष देणार नाही. कामगाराच्या घरात वाढलेल्या माणसानं पोटाला दोष देऊ नये. उद्घाटनाला त्यानं तात्यांना मानानं बोलावलं, खुर्ची दिली. तात्यांनी मशीनमधून 'जय मल्हार' सरकत बाहेर येताना पाहिलं. वाकून पाहिलं.

"ही रेघ?"

"ती संगटच येती, तात्या."

"त्येची त्योच मारतो?"

"व्हय."

"एकलाच?"

बंडू हसला. तात्या हसले नाहीत. चहा पिऊन निघाले. गाडीत बसताना त्यांनी पाटी बघितली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

मग मोमीन सर निवृत्त होऊन सोलापूरला लेकाकडं गेले. मला पुण्यात नोकरी लागली. खोली गिरणीवाल्यानं पेंडीच्या पोत्यांना दिली. एका मिठाईवाल्यानं तात्यांनाच पाटी सांगितली होती. तात्यांनी अक्षरं काढली आणि रेघ मारायला कोणीतरी पुढं येईल म्हणून दुकानाच्या ओट्यावर वाट बघत बसले. मिठाईवाला म्हणाला, "तात्या, मारा की तुमीच, कोण बगतंय?" तात्यांनी फळी उचलली आणि घरी नेली. हे मला बंडूनं फोनवर सांगितलं. वर म्हणाला, "म्हातारा आता इचारतो, माजी रेघ कोण मारणार? मी काय सांगू?"

पुढच्या सुट्टीत मी सरळ कळसला गेले.

घर लहान, पुढं ओटा, लिंबाची सावली. तात्या ओट्यावर बसले होते. भिंतीला टेकून पाट्याच पाट्या. दूध डेअरी, बालवाडी, ग्रामदैवत, मिठाईवाल्याची ती. सगळी अक्षरं उघडी, वाट बघत असलेली. आणि दाराच्या वर एक फळी, रंग जुना, उन्हानं उडालेला. त्यावर 'सरुबाई'. तिलाही रेघ नव्हती.

"ही कुणी मारायची राहिली, तात्या?"

"जिची हाय तिनंच." मग फळीकडं बघत म्हणाले, "आमच्या मंडळी."

आणि त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते भिंती रंगवायचे. खताच्या, बियाण्याच्या, तमाशाच्या जाहिराती. सरुबाई डबा धरायच्या, शिडी धरायच्या. आणि रेघ मारायच्या. "तिला वाचता येत न्हवतं. पर रेघंला काय वाचायचंय? अक्षर झालं की इचारायची, 'काय लिवलंय?' मी सांगायचा. मग मारायची. माजी अक्षरं तिच्या रेघंला टांगलेली आसायची, पोरी. आमचं आसंच चाललं व्हतं." घर बांधलं तेव्हा त्यांनी गुपचूप बायकोचं नाव लिहून फळी दारावर लावली आणि ब्रश तिच्या हातात दिला. काय लिवलंय, म्हणाली. तुजं नाव, म्हटल्यावर लाजून लाल झाली. "म्हनली, 'आगं बया! आपल्याच नावावर आपुनच रेघ मारत्यात व्हय? लोक हसतील की. दिवाळीला बगू.'"

दिवाळी आली, तेव्हा सरुबाई नव्हत्या.

माझं ते पत्रक मला आठवलं. मालकीच्या भावनेला दिलेलं उत्तर! मी मान खाली घातली. मग माझा स्वभाव आडवा आलाच. म्हटलं, "तात्या, त्या म्हणाल्या ना, आपली आपण मारायची नाही? मग मी दुसरीच की. द्या ब्रश, मारते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. 'ळ'ला जागा द्या म्हणताना बघायचे, तसं.

"तू मारशील गं. सरळ मारशील. पर मग ती पाटी पुरी हुईल."

मग ते उठले. बालवाडीची फळी माझ्यापुढं ठेवली, डब्यात ब्रश बुडवून तो काठावर निथळला आणि माझ्या हातात दिला. "ही मार. ही पुरी व्हायला पायजे. पोरं खोळंबल्यात."

मी मारली. शेवटी रेघ जरा वर चढली. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "कळसात समद्या रेघा आशाच हायत्या." आणि ते खरं होतं. परतताना मी बघत गेले. शाळेवर, दवाखान्यावर, पिठाच्या गिरणीवर, अक्षर सगळीकडं तात्यांचं, गोळीबंद. वरची रेघ मात्र कुठं वर चढलेली, कुठं मधेच पोट सुटलेली. एक पोस्टमननं मारलेली, एक सोसायटीच्या सेक्रेटरीनं, एक पाहुणी आलेल्या कुणाच्या तरी बहिणीनं. ओट्यापुढून जो जाईल त्याला म्हातारा ब्रश धरून विचारतो. पण हल्ली लोक मोटरसायकलवरून जातात. थांबत नाहीत. पाट्या साठतायत.

आता माझी मागणी. पत्रकाच्या शेवटी मागणी लिहायची सवय आहे, ती सुटत नाही. आजवर मी सगळ्या मागण्या कचेऱ्यांकडं केल्या. ही तुमच्याकडं आहे.

बारामती-इंदापूरकडं येणं झालं, तर वाट वाकडी करून कळसला जा. गाडीची पाटी बेढब असली तरी बसा. उतरून भिवातात्यांचं घर विचारा. ओट्यावरचा माणूस ब्रश पुढं करील, तेव्हा माझं अक्षर चांगलं नाही, असं सांगू नका. अक्षर त्यांनी काढून ठेवलंय. दारावरच्या फळीला हात लावू नका. बाकीच्यांतली कोणतीही एक घ्या, निळीवर ब्रश टेका आणि रेघ पार टोकापर्यंत न्या. मधेच दम सोडू नका.