टाकीचा थांबा

मुलांना शाळेसाठी तयार कसं करावं, हे मला विचारा! बाजारात त्यासाठी पुस्तकं मिळतात, ठोकळ्यांचे डबे मिळतात, हल्ली शिकवण्याही निघाल्यात. मी यातल्या कशाच्याही नादी लागलो नाही. आमच्या ठकूला मी फक्त बसमधून हिंडवलं. खिडकीबाहेर काय कमी असतं? रंग आहेत, आकार आहेत, पाट्यांवर अख्खी बाराखडी आहे, आणि मोजायला विजेचे खांब तर फुकट.

शिवाय बस हा माझा प्रांत. शहरातल्या गाड्यांची वेळापत्रकं मी बनवतो. कुठली गाडी कधी सुटणार आणि कुठे थांबणार, हे माझ्या टेबलावर ठरतं. त्यामुळे शाळाप्रवेशाच्या दिवशी बायको दवाखान्यातून परस्पर शाळेत येणार आणि ठकूला मी बसने नेणार असं ठरलं, तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. काळजी बायकोला होती. ती नर्स आहे, काळजी करायची तिला सवयच आहे.

"बाई आज शेवटची मुलं बघणार आहेत," तिने फोनवर बजावलं. ठकूही कान लावून ऐकत होती. "आज चुकलं तर ठकूचं वर्ष गेलं. पाण्याच्या टाकीपाशी उतरायचं. बाकी काही करू नका."

"अगं, त्या मार्गावरचे थांबे मीच ठरवलेत."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली.

गाडीत बसल्याबरोबर मी उजळणी काढली. पहिला खेळ रंगांचा. मी रंग सांगायचा, ठकूने त्या रंगाची वस्तू शोधून तिला हात लावायचा. निळा म्हटल्यावर तिने शेजारच्या आजीबाईंची पिशवी धरली. पिवळा म्हटल्यावर पुढे बसलेल्या रंगाऱ्याच्या डब्यात बोट घातलं, आणि तो पिवळा मग दिवसभर आमच्या सोबतीला राहिला. लाल म्हणायचा अवकाश, ही सीटवर उभी राहिली आणि दांड्यावरचं घंटीचं बटण दाबून मोकळी झाली. गाडी पुलाच्या मधोमध थांबली.

कंडक्टर उठून आला आणि इथे नदीत कुणाला उतरायचंय, असं विचारू लागला. मी त्याला शांतपणे समजावून सांगितलं, की घंटी लाल आहे आणि मुलीने ती बरोबर शोधली आहे. तो परत जागेवर जाऊन बसला. गाडी निघाली. घंटी अजूनही लालच असल्यामुळे ठकूने ती पुन्हा दाबली. या खेपेला कंडक्टरने मला नीट न्याहाळलं आणि ओळखलं.

"साहेब, तुम्ही ऑफिसातले ना? मग नियम तुम्हीच सांगा तिला."

नियम करणं हा माझा हातखंडा. मी तिथल्या तिथे केला: हात मांडीवर ठेवायचे, कशालाही लावायचे नाहीत. दिसेल ते तोंडाने सांगायचं, आणि तेही एकदाच. तेच तेच सांगितलं तर मार्क कापले जातील. ठकूने हात मांडीवर ठेवले. नियमांच्या बाबतीत पोरगी माझ्यावर गेली आहे.

आता पाट्यांवरची अक्षरं ओळखायची होती. ठकूला अक्षरं सुटी सुटी यायची, पण ती जोडून शब्द काही होत नव्हता. त्यासाठी मी महिनोन्‌महिने घसा कोरडा केला होता. खेळ रंगत गेला. आजीबाई सामील झाल्या, रंगारी वळून बसला. आणि एकाएकी ठकू खिडकीला नाक लावून म्हणाली, "टा... की. टाकी."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मुलगी वाचत होती! मी उभा राहिलो आणि सगळ्या गाडीला सांगितलं, की हा हिने वाचलेला पहिला शब्द आहे. आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. मागच्या सीटवरच्यांना ऐकू आलं नव्हतं, त्यांना मी मागे जाऊन सांगितलं. मग परत येऊन ठकूला म्हटलं, पुन्हा एकदा म्हणून दाखव. तिने मान हलवली. एकदाच सांगायचं होतं ना! काय ती शिस्त, असं म्हणत मी आजीबाईंकडे पाहिलं.

"पण पाटी होती कुठे गं?" मी सहज विचारलं.

"मागे. मोठ्या टाकीखाली. आई म्हणाली ना, तिथे उतरायचं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. एकदा."

टाकी हा विनंती थांबा आहे. कुणी घंटी वाजवली तरच तिथे गाडी थांबते. वेळ वाचावा म्हणून गेल्याच वर्षी तो मी विनंती थांबा केला होता. आणि घंटी हमखास वाजवणारी एकमेव प्रवासी माझ्या हुकमावरून हात मांडीवर ठेवून बसली होती.

मी घंटीवर तुटून पडलो. कंडक्टर म्हणाला, दोनदा फसलेला ड्रायव्हर आता घंटी ऐकणार नाही, गाडी एकदम शेवटच्या थांब्यालाच थांबेल. मी मधल्या थांब्यांची चौकशी केली.

"ऑफिसने काढले, साहेब," तो म्हणाला.

शेवटच्या थांब्याच्या आसपास नुसती गोदामं होती. ना रिक्षा, ना टॅक्सी. परतीची दुसरी गाडी मी तोट्यात चालते म्हणून बंद केली होती. आमच्या गाडीचा ड्रायव्हर बाकावर बसून चहाचा ग्लास फुंकत होता. मी त्याला लगेच निघायची विनंती केली.

"वेळेआधी गाडी काढली तर मेमो कोण देतं, साहेब?" त्याने विचारलं.

"मी."

"मग?" असं म्हणून त्याने पुन्हा ग्लास फुंकला.

मी बायकोला फोन करून सगळं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. सुई टोचण्याआधी नर्स म्हणते, तसलं ते बरं होतं. शब्द वाचणारी माझी मुलगी आता वर्षभर घरी बसणार होती, आणि तिला घरी बसवणारा मीच होतो. मला फार वाईट वाटलं.

ठकू मात्र ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली होती. तिचा भरलेलं-रिकामं हा खेळ सुरू झाला होता. ग्लास भरलेला आहे का, तिने विचारलं. अर्धा आहे, ड्रायव्हर म्हणाला. आणि आता? त्याने एक घोट घेऊन पाहिलं. आणि आता? खेळात हार मानायचा त्याचाही स्वभाव नसावा. त्याने ग्लास तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"रिकामा," तो म्हणाला.

"मग आता काय करायचं?"

ड्रायव्हर उठला. "चला. उद्या मेमो द्या, साहेब." तो मेमो मी अजून दिलेला नाही.

शाळेच्या फाटकात बायको उभी होती. तिने ठकूचे पिवळे हात पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हाला आत घेऊन गेली. मुख्याध्यापिका बाई कपाटाला कुलूप लावत होत्या. मी विनंती थांब्यांबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि उशीर का झाला, ते ठकूला विचारलं.

ठकूने सगळं ओळीने सांगितलं. लाल घंटी, पूल, नियम, टाकी, टाळ्या, रिकामा ग्लास, आणि मग दुसऱ्या बाजूने तीच टाकी. एक गोष्ट मागेपुढे झाली नाही, एक विसरली नाही. विसरली असती तरी मला चाललं असतं. बाई खुर्चीवर परत बसल्या.

"आणि बसमध्ये हरवलीस तर काय करशील?"

"मी नाही हरवत. बाबा हरवतात," ठकू म्हणाली. "मग मी त्यांचा हात धरून कंडक्टरकाकांना सांगते."

बाईंनी ओठ दाबून धरले. "मुलीची तयारी उत्तम आहे. कुणी करून घेतली?"

"मी," मी छाती काढून म्हणालो. "प्रवासात, खेळता खेळता."

बायको खिडकीबाहेर बघू लागली.

"छान," बाई म्हणाल्या. "प्रवेश झाला. रोज सोडायला मात्र आईने यावं."

बायको परस्पर दवाखान्यात गेली. आम्हा दोघांना परतताना नेमकी तीच गाडी मिळाली. कंडक्टर आमच्या सीटपाशी वाकला आणि माझ्याकडे न बघता ठकूला म्हणाला, "ताई, कुठे उतरायचं तुम्हाला?" ठकूने सांगितलं. मला खिडकीजवळची जागा मिळाली होती. आमचा थांबा जवळ आला, तशी कंडक्टरने तिला उचलून धरलं आणि तिने घंटी वाजवली. मग तिने माझा हात घट्ट पकडला.

"बाबा, उतरायचंय," ती म्हणाली. "एकदाच सांगणार हं."