भामरे सरांची मधली रेघ

भामरे सरांच्या हातात सुरी देऊ नये, हे तळोद्याच्या आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. प्राचार्यांच्या वाढदिवसाला एकदा ती चूक झाली. केक गोल होता. सर त्याच्याभोवती दोन वेळा फिरले आणि म्हणाले, "याले टोकेच नही. कापू कोठून?" मेणबत्त्या विझल्या, चहा गार झाला. शेवटी प्राचार्यांनी स्वतःच केक कापला, तर सर म्हणाले, "वाकडा गया."

एक घाव दोन तुकडे हा त्यांचा स्वभावच नव्हे. पपई असो, खडू असो, डब्यातली भाकर असो, त्यांचा मंत्र एकच: "पैले टोके ठराव, मंग काप."

हा मंत्र त्यांनी जीवाणूंकडून घेतलेला. सर जीवशास्त्र शिकवतात. पेशीविभाजनाचा धडा आला की त्यांच्या अंगात येतं आणि पुस्तकी मराठी सुटून अहिराणी सुरू होते. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवतो. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं.

"एक पेशीना जीव! त्याले ना डोया, ना दोरी, ना मोजणीवाला. तरी बरोबर मधोमध कापस. कसा? दोन्ही टोकले पहारेकरी बसेल ऱ्हातस. म्हनतस, आमनाजवळ कापानं नही. त्यास्ना जोर जठे सगळ्यात कमी, तठे मधली रेघ. अन कापाना पैले काय करस? आतल्या सूचनांची पूर्ण दुसरी प्रत काढी लेस. एक या टोकले, एक त्या टोकले. म्हनीसन कोनी रिकामं ऱ्हास नही!"

पोरं हसत. मीही हसायचो. पण एवढं मात्र खरं, की त्या धड्याचे मार्क आमच्याकडे कुणाचे जात नाहीत.

सरांनी लग्न केलं नाही. तळोद्यात भाड्याची एक खोली, आणि दर शनिवारी गावी, कोरीटला आईकडे. तिथं धाकटा भाऊ गुलाब शेती बघतो. त्या घरात वाटणीचं निघालं, तेव्हा कागद लिहायला सरांनी मला नेलं, कारण माझं अक्षर बरं. भांडण कुणाचंच नव्हतं. पण आई कुणाकडे, हा प्रश्न उरलाच होता, आणि जीपमध्ये सर त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

त्यांच्याकडची रीत अशी, की मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. सरांनी दोन्ही बांधांकडून दोरी धरून शेत तीनदा मोजलं. गुलाब कंटाळून म्हणाला, "दादा, तू देशी तो वाटा मन्हा." सर ऐकतात कुठले!

शेवटी वाटणीला बोलावलेल्या पंचांतले एक म्हातारे बाबा म्हणाले, "आते माय. सहा महिने अठे, सहा महिने तळोदाले. बरोबर अर्ध अर्ध."

आई दारात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबले. मी लिहायला पेन टेकवलं आणि सर म्हणाले, "थांबा सर. लिखू नका."

मग पंचांकडे वळून, वर्गात बोलतात त्यापेक्षा किती तरी हळू, म्हणाले, "एवढासा जीवबी वाटा पाडाना पैले दुसरी प्रत काढस. मायनी दुसरी प्रत कोठे शे? ती अर्धी व्हवाव नही. तिन्हं समदं अठेच शे. तिले गुलाबकडेच ऱ्हाऊ द्या."

आई एवढंच म्हणाली, "शनवारले जेवाले येशी ना रे हिरामन?"

वाटणीनंतरच्या सोमवारी सर कॉलेजात आले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खोलीवर गेलो. सर कधी कुणाला आत घेत नसत. त्या दिवशी दार उघडंच होतं. आत दोन खाटा होत्या. एक त्यांची, आणि दुसरी नवी कोरी, पण बुटकी. चारही पाय खालून करवतीनं कापलेले, अगदी सारखे. शेजारी भिंतीत, उठताना धरायला, लोखंडी कडी ठोकलेली. सहा महिन्यांपुरती का होईना, त्यांनी आईची वाट पाहिली होती.

माझी नजर कुठं आहे ते त्यांनी पाहिलं. "मायना पाय जमीनले टेकाले पाहिजेत, म्हनीसन कापी."

काही तरी बोलायचं म्हणून म्हणालो, "थोडे दिवस तरी आणा की त्यांना."

सरांनी बुटक्या खाटेवरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, "मायले पाव्हनी म्हनीसन बलावता येस का हो, सर?"